लांबलेली साथ आणि थकलेलं मन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. कोविडच्या साथीत, २०२० च्या एप्रिलपासून जवळजवळ दोन वर्षं रोज संध्याकाळी स्वयंसेवक म्हणून फोनवर बसायचे. खालचे बरेचसे प्रश्न त्या फोनांतले, काही नंतर प्रत्यक्ष भेटीत विचारलेले. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदलले आहेत. आत्ता या क्षणी जीव नकोसा झाला असेल तर हे वाचत बसू नका. १४४१६ लावा. ही सरकारी, मोफत, चोवीस तासांची ‘टेलि-मानस’ सेवा आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. प्रसंग हातघाईचा असेल तर ११२.

साथ संपली. आता हे सगळं उकरून काय मिळणार?

जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडची आणीबाणी ५ मे २०२३ ला उठवली. त्या दिवशी कुणाचं कर्ज फिटलं नाही. २०२१ मध्ये गहाण टाकलेल्या पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत, अशी घरं मला माहीत आहेत. “मला आता काय धाड भरलीय, तरी झोप का येत नाही?” हा प्रश्न साथीत जेवढा यायचा जवळपास तेवढाच नंतरही येत राहिला. उकरायची हौस नाही, पण जे वर आलेलंच आहे त्याच्याकडे बघावं लागतं.

मन तर ज्याचं त्याचं असतं. मग ‘सार्वजनिक’ मानसिक आरोग्य हे काय प्रकरण?

एका माणसाला जुलाब झाले तर त्याला औषध द्यायचं. अख्ख्या आळीला झाले तर नळाची लाइन तपासायची. मनाचंही तसंच आहे.

मुंबईची लोकल २२ मार्च २०२० च्या मध्यरात्री थांबली. जूनमध्ये ती अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी सुरू झाली, पण सगळ्यांसाठी उघडली १ फेब्रुवारी २०२१ ला, तीही ठरावीक वेळांत. बायकांना ठरावीक वेळांत मुभा मिळाली तीही २१ ऑक्टोबर २०२० पासून. मधले सात महिने नालासोपाऱ्याहून दादरला स्वयंपाकाला जाणाऱ्या बाईनं काय करायचं? तिची छाती धडधडत होती, अन्न जात नव्हतं, रात्री दोनला जाग येत होती. तिला “दीर्घ श्वास घ्या” असं मीही सांगितलं आहे. ते चुकीचं नव्हतं, तोकडं होतं. तिच्या धडधडीची लाइन रेल्वेच्या रुळांवरून जात होती.

उलट बाजूनं पाहा. शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांत सुरू झाली होती. लॉकडाऊन लागताच ती पाच रुपयांना मिळू लागली आणि एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत फुकट. तिला कुणी मानसिक आरोग्याची योजना म्हणत नाही. मी म्हणते. दुपारच्या जेवणाची खात्री असलेल्या माणसाचं डोकं बाकीच्या काळज्यांशी जरा तरी झुंजू शकतं.

पहिल्या लॉकडाऊनमध्ये आम्ही मजेत होतो. पापड केले, पत्ते खेळलो. कोसळलो ते वर्षभरानं. असं उलटं का?

उलटं नाही, असंच होतं.

संकष्टीचा उपवास आपण का निभावतो? चंद्र उगवणार आहे आणि त्याची वेळ कॅलेंडरवर छापलेली आहे म्हणून. तीच वेळ रोज कुणीतरी खोडून पुढे ढकलू लागलं तर? पंतप्रधानांनी मार्च २०२० मध्ये सांगितलं होतं की महाभारताचं युद्ध १८ दिवसांत जिंकलं गेलं, हे २१ दिवसांत जिंकायचं आहे. मग १४ एप्रिलचे ३ मे झाले, ३ चे १७ आणि १७ चे ३१. जूनमध्ये राज्यात ‘मिशन बिगिन अगेन’ आलं आणि एप्रिल २०२१ मध्ये ‘ब्रेक द चेन’. नावं बदलत गेली, चंद्र काही दिसला नाही. माणूस कळ काढतो, पण किती काढायची ते ठाऊक असलं तर.

शरीराचाही हिशेब असतो. धोका दिसला की आत घंटा वाजते: हृदय जोरात चालतं, झोप पातळ होते, कान टवकारले जातात. आगीतून पळताना ही घंटा हवीच. ती चौदा महिने वाजत राहिली तर माणूस पळत नाही, बधिर होतो. चिडचिड, काही करावंसं न वाटणं, वाईट बातमीनंही डोळ्यांत पाणी न येणं, हे त्या बधिरपणाचे प्रकार आहेत.

शिवाय दुसऱ्या लाटेपर्यंत गाठीचं संपलं होतं. पैसे तर संपलेच होते, भिशीही मोडली होती, पण “काही लागलं तर सांग” म्हणणारे नातेवाईकही स्वतःच्या घरात अडकले होते. पहिल्या लाटेत मरण बहुतेकांसाठी टीव्हीवर होतं. एप्रिल २०२१ मध्ये ते व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर आलं. सकाळी उठून फोन हातात घ्यायची भीती वाटायची, कारण कुणाच्या फोटोखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलेलं असेल याचा नेम नव्हता. इमारतीखाली अँब्युलन्स थांबली की तिसऱ्या मजल्यावरची माणसं श्वास रोखून बसायची. अजूनही सायरन ऐकून तुमच्या पोटात खड्डा पडत असेल तर तुम्ही भित्रे नाही, तुमच्या कानांना ते आठवतं, इतकंच.

माझं हे साधं दुःख आहे की आजार? ओळखायचं कसं?

डॉक्टर साधारण दोन गोष्टी बघतात: किती दिवस आणि किती अडतंय. दोन आठवड्यांहून जास्त काळ, बहुतेक रोज, मन खाली बसलेलं आहे किंवा कशातच गोडी नाही. जोडीला झोप, भूक, एकाग्रता बिघडली आहे, सारखं अपराधी वाटतं, मरणाचे विचार येतात. आणि यामुळे काम, घर, बोलणं-चालणं अडतंय, तर ते दाखवण्यासारखं आहे.

आपल्याकडे मात्र पेशंट “मला डिप्रेशन आलंय” असं क्वचित म्हणतो. तो म्हणतो, अंगात त्राणच नाही. डोकं जड आहे. पोटात गोळा येतो. छातीवर कुणी बसलंय. मग ईसीजी निघतो, रक्त तपासलं जातं, सगळं ‘नॉर्मल’ येतं आणि घरचे म्हणतात, “बघ, तुला काही झालेलं नाही.” तपासण्या करायलाच हव्यात. पण रिपोर्ट नॉर्मल आला याचा अर्थ दुखणं खोटं होतं असा होत नाही.

सगळं दुःख आजार नसतं, हेही तितकंच खरं. धंदा बसलेल्या माणसाला झोप येत नसेल तर त्याचं मन शाबूत आहे. त्याला गोळीआधी कर्जाच्या हप्त्यांवर कुणीतरी मार्ग दाखवायला हवा. मात्र अशीच झोप सहा महिने उडाली की कारण साधं असूनही आजार जडू शकतो. सीमारेषा विटांची नाही, वाळूची आहे. शंका असेल तर दाखवून यावं.

साथीमुळे मानसिक आजार आणि आत्महत्या खरंच वाढल्या का, की ही चर्चाच जास्त?

जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२२ मध्ये सांगितलं की साथीच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्य या आजारांचं प्रमाण जगभरात सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं. तरुण आणि स्त्रिया यांच्यावर भार जास्त.

आत्महत्यांबाबत आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे आहेत. देशात २०१९ मध्ये १,३९,१२३, २०२० मध्ये १,५३,०५२, २०२१ मध्ये १,६४,०३३ आणि २०२२ मध्ये १,७०,९२४. महाराष्ट्रात २०२० मध्ये १९,९०९ आणि २०२१ मध्ये २२,२०७. राज्यांच्या यादीत आपला नंबर दोन्ही वर्षी पहिला. २०२१ मध्ये देशभरात जीव देणाऱ्यांत दर चौघांमागे एक जण रोजंदारीवरचा होता: ४२,००४ माणसं.

हे आकडे जपून वाचावेत. ते पोलिसांच्या नोंदींवरून येतात, नोंद न झालेल्या घटना त्यांत नाहीत आणि एका माणसाचं मरण एकाच कारणाच्या रकान्यात बसवलेलं असतं. वाढ साथीच्या आधीच सुरू झाली होती. त्यामुळे “कोविडमुळे इतके मेले” असं एका दमात म्हणणं मला पटत नाही. पण त्या एक-चतुर्थांशाकडे बघून हा निव्वळ मनाच्या कमकुवतपणाचा मामला आहे असं म्हणणाऱ्यांपुढे तर मी हात टेकते.

“पॉझिटिव्ह विचार करा” असं सगळे सांगतात. जमत नाही. माझं चुकतंय का?

नाही. ज्या वर्षी ‘पॉझिटिव्ह’ या शब्दानं गल्ली सील व्हायची, दारावर स्टिकर लागायचा, त्याच वर्षी हा सल्ला सगळ्यात जास्त वाटला गेला, ही गंमतच. सांगणाऱ्याला आपलं दुःख ऐकवत नसतं म्हणून तो असं म्हणतो. त्याच्यावर रागावू नका आणि त्याचं ऐकूही नका.

वडील कोविड वॉर्डात गेले. शेवटचं तोंडही दाखवलं नाही. अजून वाटतं, ते घरी येतील. हे वेडेपण आहे का?

मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हा.

मरण मनाला पटतं ते हळूहळू, हातापायांतून. अंघोळ घालताना गार पडलेलं अंग लागतं, खांदा देताना वजन कळतं. दारात माणसं जमतात, दहा दिवस कुणी ना कुणी येऊन तीच हकिगत पुन्हा विचारतं आणि ती विसाव्यांदा सांगताना आपल्याच कानांना ती खरी वाटू लागते. दहाव्याला कावळा शिवतो की नाही याची वाट बघत सगळे उन्हात उभे राहतात. श्रद्धा असो-नसो, ही सगळी मनाला समजावण्याची जुनी, तालमीत तयार झालेली पद्धत आहे. साथीत ती एका फटक्यात तुटली. माणूस पायांनी चालत अँब्युलन्समध्ये चढला आणि मग आला तो फोन. मधलं काहीच दिसलं नाही, तर मनानं कशावर विश्वास ठेवायचा? तेव्हा हे वेडेपण नाही.

आणखी एक गोष्ट सांगते. ती ऐकून काहींना राग येतो, पण ती माहीत असायला हवी. मृतदेहांबाबतच्या केंद्र सरकारच्या मार्च २०२० च्या सूचनांत पिशवीची चेन चेहऱ्याकडून उघडून नातेवाइकांना अखेरचं दर्शन देता येईल असं लिहिलेलं होतं. मृतदेहाला स्पर्श न करता होणारे विधी चालतील आणि राखेपासून धोका नाही, हेही होतं. जिथे रांगा लागल्या, माणसं कमी पडली, भीती अतोनात होती, तिथे ते पाळलं गेलं नाही. म्हणजे तुम्ही मागत होता ते अवास्तव नव्हतं. “मीच हट्ट केला नाही” असं स्वतःला लावून घेणाऱ्यांना मी सांगते की त्या दिवशी तिथे हट्ट ऐकायलाच कुणी नव्हतं.

दुसरी बोच: “मीच घरात आणला का?” कोण कुणामुळे बाधित झालं हे घरातल्या घरात जवळजवळ कधीच सांगता येत नाही. लक्षणं नसलेल्याकडूनही लागण होत होती. आधी खोकला ज्याला झाला तोच आणणारा, हे गणित खोटं आहे. या गणितावरून भाऊ-भाऊ बोलेनासे झालेले मी पाहिले आहेत.

करायचं काय? राहिलेलं आताही करता येतं. तिथीला किंवा वाढदिवसाला, जे तेव्हा येऊ शकले नाहीत त्यांना बोलवा. त्यांच्या आवडीचं रांधा. पहिल्या दिवसापासून शेवटच्या फोनपर्यंतची हकिगत मोठ्यानं सांगा, मुलांनाही ऐकू द्या. एका कुटुंबानं चार वर्षांनी गावच्या नदीवर जाऊन फक्त बसायचं ठरवलं आणि तिथे थोरला मुलगा पहिल्यांदा रडला.

दुःखाला मुदत नसते. तरी आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आता ‘लांबलेलं दुःख’ ही स्वतंत्र नोंद आहे. सहा महिने उलटूनही ओढ तसूभर कमी होत नसेल, जगणं त्याच दिवशी थांबलेलं असेल, तर उपचार आहेत आणि त्यानं माणूस विसरला जात नाही. ही भीती बऱ्याच जणांना असते.

मृत्यूनंतरच्या मदतीचं काय? त्याचा मनाशी संबंध?

अगदी थेट. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोविड मृत्यूसाठी कुटुंबाला ५०,००० रुपये सानुग्रह मदत ठरली. त्यात एक तरतूद फारशी कुणाला माहीत नव्हती: चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांत आत्महत्या केलेल्यांचे वारसही पात्र होते. म्हणजे साथीनं मनावाटे घेतलेला जीवही साथीचाच बळी, हे कागदावर मान्य झालं. राज्यात विधवा झालेल्या बायकांसाठी ‘मिशन वात्सल्य’ आणि आई-वडील दोघंही गमावलेल्या मुलांसाठी पाच लाखांची ठेव होती. कागदपत्रं गोळा करताना ज्यांची दमछाक झाली, त्यांना मी समुपदेशनाआधी दाखल्यांची यादी करून दिली आहे. त्या दिवशी तेच समुपदेशन होतं.

कोविड होऊन गेल्यापासून शब्द आठवत नाहीत, झोप नाही, कधी एकदम भडका उडतो. डोक्यावर परिणाम झाला का?

हे निव्वळ मनाचे खेळ नाहीत. बरं झाल्यावर कित्येक आठवडे, काहींना महिनोन्महिने, थकवा आणि डोक्यात धुकं भरल्यासारखं वाटणं राहतं. स्टिरॉइड्समुळे झोप उडू शकते, मूड वर-खाली होऊ शकतो. आयसीयूत भ्रम होणं तर नेहमीचं आहे. भिंतीवर माणसं दिसली, नर्स विष देतेय असं वाटलं, हे सांगायला लोक लाजतात. लाजू नका, तो आजारी शरीराचा भ्रम होता. फिजिशियनला आधी दाखवा. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, बी-१२ पाहून घ्या. मग मनाकडे वळा.

लॉकडाऊनमध्ये दारू मिळाली नाही तेव्हा काका थरथरू लागले, भिंतीवर किडे दिसू लागले. आम्हाला वाटलं, नाटक करतायत.

नाटक नव्हतं, जिवावरचं होतं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो आणि माणूस दगावूही शकतो. त्याला घरात कोंडून ठेवायचं नसतं, दवाखान्यात न्यायचं असतं. ४ मे २०२० ला दुकानं उघडल्यावरच्या रांगांवर आपण मीम फिरवले. त्या रांगेत काही जण चैनीसाठी नव्हे, तर अंगातली थरथर थांबावी म्हणून उभे होते. टाळेबंदी आखताना व्यसनमुक्ती केंद्रं आणि त्यांची औषधं अत्यावश्यक धरून पहिल्या दिवसापासून गावोगाव पोचवायला हवी होती. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून काम करतंय, म्हणजे हे ज्ञान आपल्याकडे नव्हतं असंही नाही.

मुलांचं काय? ती तर मोबाइलवर खूश होती.

जून २०२० मध्ये पहिलीत गेलेल्या मुलानं वर्ग पाहिला तो डिसेंबर २०२१ मध्ये, म्हणजे दुसरीत. जानेवारीत पुन्हा काही दिवस शाळा बंद. रांगेत उभं राहणं, डबा वाटून खाणं, भांडून दुपारी पुन्हा गट्टी करणं, हा अभ्यासक्रम मोबाइलवर शिकवला जात नाही. घरात एकच फोन आणि तीन भावंडं असतील तर तोही नाही.

मोठ्यांची गोष्ट वेगळी. २०२१ मध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा रद्द झाल्या. “सुटलो” म्हणणारी मुलं पुढे “आमची बॅच फुकटची” हे टोमणे ऐकत राहिली. मुलगा अबोल झाला, आंघोळ टाळतो, मित्रांचे फोन घेत नाही, मार्क एकदम घसरले, तर मोबाइल काढून घेणं हा उपाय नाही. त्याच्याशेजारी बसून भेंडी चिरा, गाडी धुवा. मुलं समोरासमोर बसवलं की बोलत नाहीत, शेजारी बसलं की बोलतात. मुलांसाठी मदतीचा नंबर १०९८.

घरात मारहाण वाढली होती. नवरा चोवीस तास घरात, फोन कुठून करणार?

राष्ट्रीय महिला आयोगानं एप्रिल २०२० मध्ये तक्रारीसाठी व्हॉट्सअॅप नंबर सुरू केला तो याच अडचणीमुळे. आमच्याकडे बायका किराण्याच्या दुकानातून, गच्चीवर कपडे वाळत घालताना फोन करायच्या. निम्म्या वाक्यात “हो हो ताई, लोणच्याची कृती नंतर सांगते” म्हणून ठेवायच्या. आता महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. अशा घरात बाईच्या निद्रानाशावर गोळी देऊन तिला परत तिथेच पाठवणं याला मी उपचार म्हणत नाही.

पूर्वीच्या साथींत लोकांना कुठे होतं डिप्रेशन?

शब्द नव्हता. ‘हाय खाल्ली’, ‘अंथरूण धरलं’, ‘मनानं घेतलं’ हे शब्द होते आणि ते काही हौसेनं तयार झालेले नाहीत.

१८९७ चा पुण्याचा प्लेग आठवा. गोरे सोजीर घरात घुसून झडत्या घेत होते. बायाबापड्यांना परक्या पुरुषांनी तपासणं, माणसं उचलून छावणीत नेणं चाललं होतं. लोक रोगाइतकेच त्या वागणुकीला भ्याले आणि संतापले. २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. त्याच साथीत रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले १० मार्चला गेल्या. एकाच शहरात, एकाच वर्षात साथ हाताळण्याच्या या दोन रीती दिसतात. आणि मार्च २०२० मध्ये राज्यानं लागू केला तो साथरोग कायदाही १८९७ चाच होता.

‘कोविड योद्धे’ आता कसे आहेत?

थकलेले. २२ मार्च २०२० ला थाळ्या वाजल्या आणि काही दिवसांतच नर्सना घरमालक खोली सोडायला सांगू लागले. आशाताईंनी ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’साठी दारोदार जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजला. काही ठिकाणी त्यांच्या अंगावर लोक धावून गेले. जून २०२१ मध्ये राज्यातल्या सुमारे ७०,००० आशांना मोबदल्यासाठी संप करावा लागला. एक बेड आणि तीन पेशंट असताना कुणाला घ्यायचं हे ज्यांनी ठरवलं, त्यांच्या मनातली सल चिंताही नाही आणि नैराश्यही नाही. ती सदसद्विवेकाची जखम आहे. तिला ‘ताणतणाव व्यवस्थापन’ कार्यशाळेतला चहा-बिस्किटाचा पुडा पुरत नाही.

मानसोपचाराच्या गोळ्यांची सवय लागते म्हणे?

झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची लागू शकते, म्हणून त्या मोजून, थोडे दिवस देतात. नैराश्यावरच्या गोळ्या वेगळ्या. त्यांची नशा होत नाही, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. लोक दहाव्या दिवशी सोडतात, किंवा बरं वाटताच आपल्या मनानं बंद करतात. दोन्ही टाळा. शेजारणीची चिठ्ठी दाखवून गोळ्या आणणं तर मुळीच नको.

आमच्या तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञच नाही. कुणाकडे जायचं?

दुखणं जुनं आहे. साथीआधीच, २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दहातल्या एका प्रौढाला मानसिक आजार आढळला होता आणि बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच ठिकाणी होती: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. पण तिथेच जावं लागतं असं नाही. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी असते. फोनवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम २५ मार्च २०२० ला, लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी आले आणि ती वाट अजून खुली आहे.

मला जास्त आशा वाटते ती गोव्यातल्या ‘संगाथ’ या संस्थेच्या कामातून. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांकडून नैराश्याच्या रुग्णांना थोड्या बैठका दिल्या. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आले: तीन महिन्यांनी या गटात शंभरातले ६४ लक्षणांतून बाहेर आले होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत ३९. या बैठकांचा गाभा साधा होता. सुटलेली कामं, सुटलेली माणसं एकेक करून पुन्हा धरायची.

आरोग्य विम्याचंही विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपनीनं मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीनं वागवायचं असतं.

भाऊ सारखा “माझं काय उरलंय” म्हणतो. थेट विचारलं तर डोक्यात नसलेला विचार घुसेल का?

घुसत नाही. “दादा, जीव द्यावा असं मनात येतं का?” असं सरळ, शांतपणे विचारा. विचारल्यानं बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर शपथा घालू नका, आई-बापाची आठवण काढून लाजवू नका. त्याला एकटं सोडू नका, धोक्याच्या वस्तू घरातून हलवा, शेतीच्या घरात फवारणीचं औषध कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पोलीस केसच्या भीतीनं थांबू नका. २०१७ च्या कायद्यानं असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत, आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ राहिलेलं नाही.

पुन्हा अशी साथ आली तर सरकारनं काय वेगळं करावं?

‘किरण’ ही राष्ट्रीय हेल्पलाइन सप्टेंबर २०२० मध्ये आली आणि टेलि-मानस १० ऑक्टोबर २०२२ ला. पूर ओसरत आल्यावर होडी. आता ती आहे, तर तिच्यात माणसं पुरेशी ठेवा.

बाकी मला सुचतं ते हेल्पलाइनच्या बाहेरचं आहे. तारखा खऱ्या सांगा. माहीत नसेल तर “माहीत नाही, पंधरा तारखेला पुन्हा सांगू” म्हणा आणि पंधराला खरंच सांगा. रेशन आणि रोजगाराची सोय निर्बंधांच्या आधी जाहीर करा, नंतर नको. प्रत्येक स्मशानात एक माणूस फक्त नातेवाइकांशी बोलायला ठेवा. वॉर्डात दिवसातून एकदा व्हिडिओ कॉल हा उपकार नव्हे, उपचाराचा भाग धरा.

आणि जे मोडायलाच लागतं, त्याचा धागा तरी ठेवा. ३० जून २०२० ला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. वारी झाली नाही, पण वारी चुकलीही नाही. माझ्या ओळखीचे एक म्हातारे वारकरी त्या महिन्यात अंगणातच रोज ठरलेली पावलं चालले आणि संध्याकाळी नातवाला विचारायचे, आज मुक्काम कुठे आला.

१४४१६ लावल्यावर काय होतं?

भाषा निवडायला सांगतात. मग समुपदेशक बोलतात. नाव सांगायला कुणी भाग पाडत नाही. गरज वाटली तर पुढे तज्ज्ञांशी जोडून देतात किंवा जवळच्या सरकारी ओपीडीचा पत्ता देतात. पहिल्यांदा लागला नाही तर पुन्हा लावा. सुरुवात कशी करायची ते सुचत नसेल तर “मला झोप येत नाही” इतकंच म्हणा. पुढचं विचारायचं काम समोरच्याचं आहे.